रातीच्या विजेचं पत्र

पेपरला पत्र लिहायचा नाद मला शाळेपासूनचा. सेलूच्या नूतन विद्यालयात दहावीपर्यंत शिकलो, पुढं शेतीत पडलो, पण पोस्टकार्ड काही सुटलं नाही. कापसाचे थकलेले पैसे, मोंढ्यातला चिखल, वेळेवर न येणारी एसटी, असं काहीबाही लिहायचो. वर्षाकाठी पाच-सहा पत्रं छापून यायची. सगळी सरळ, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "तरी संबंधितांनी लक्ष घालावे." संबंधितांनी कधी लक्ष घातलं नाही. माझं नाव छापून यायचं, एवढीच काय ती कमाई.

२०१० ला पाऊस बरा झालता. विहिरीला पाणी होतं, हरभरा आणि गहू टरारून आलते. पण शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि बाकीचे दिवस रातीची. रातीची म्हणजे बारा-एकला यायची. थंडीत अंगावर पोतं पांघरायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं. वाफ्यात पाय टाकला की खाली गारठलेलं पाणी, आणि कडेच्या गवतात काय असंल ते देवाला ठाऊक. बांधाला बांध लागून असलेल्या दाजींच्या पोराला आदल्या वर्षी असंच पाणी देताना पान लागलं होतं. (आमच्याकडं साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.) पोरगं वाचलं, पण परभणीच्या दवाखान्यात एक बैल गेला. म्हणजे विकावा लागला.

त्या वर्षी मी ठरवलं की आता सरळ लिहायचं नाही, उलटं लिहायचं. ह्याची खोड मला आमच्या मराठीच्या गुरुजींनी लावलेली. ते शिवराम महादेव परांजप्यांचे भक्त. परांजपे मूळ महाडचे. पुण्यातून १८९८ साली त्यांनी 'काळ' नावाचं साप्ताहिक काढलं. इंग्रजाला शिवी द्यायची सोय नव्हती, मग ते इंग्रजाची स्तुती करायचे. अशी स्तुती की वाचणाऱ्याला घाम फुटावा. आपल्यावर राज्य करून साहेबानं केवढे उपकार केले, हे ते अशा थाटात सांगायचे की गावोगावचे लोक अंक घेऊन बसायचे, एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी हसायचं. सरकारनं १९०८ साली त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला आणि १९ महिन्यांची शिक्षा दिली. त्यांचे निवडक निबंध जप्त झाले, त्यावरची बंदी उठली थेट १९३७ ला. आम्ही पोरं विचारायचो, गुरुजी, सरकारला कळायला दहा वर्षं लागली का? गुरुजी म्हणायचे, "कळलं पहिल्याच दिवशी. पण स्तुती केली म्हणून कोणाला आत कसं टाकायचं?"

दुसरे होते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. वऱ्हाडात वकिली करायचे. त्यांचा सुदामा हा जुन्या चालीरीतींचा मोठा कैवारी. तो त्या चालींची बाजू इतक्या जोरात घेतो की त्या चालीचंच हसं होतं. त्यांच्या विनोदी लेखांच्या पहिल्या पुस्तकाचं नाव 'अठरा धान्यांचे कडबोळे', साल १९१०. शेतकऱ्याच्या घरात ते नाव विसरत नाही.

तर मीही कडबोळं केलं. लिहिलं की रातीची वीज ही शेतकऱ्याच्या हिताचीच आहे. झोपला की त्याला कर्जाची स्वप्नं पडतात, म्हणून त्याला जागं ठेवणं हे शासनाचं कर्तव्यच. साप हा शेतकऱ्याचा मित्र असं पुस्तकात लिहिलंय, मग मित्राची गाठ रातीच पडणार. दिवसा वीज दिली तर शेतकरी राती घरात झोपंल आणि बायका-लेकरांत रमून आळशी होईल. आणि शेवटी लिहिलं की ज्या साहेबांनी हे वेळापत्रक केलं त्यांनी एक रात आमच्या आखाड्यावर यावं, खोरं आम्ही देऊ.

पत्र छापून आलं. शेवटचं वाक्य जागेअभावी कापलेलं. वर मथळा, 'रात्रीची वीज शेतकऱ्यांच्या हिताची'. खाली माझं नाव, गाव, तालुका सेलू. एका बाजूला वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि दुसऱ्या बाजूला निविदा सूचना.

सकाळी हॉटेलात गेलो तर चहा पिणारे गप्प. एकानं विचारलं, "काका, किती भेटले?" मला वाटलं कापसाचं विचारतोय. दुपारी एक नोकरीतून उतरलेले गृहस्थ भेटले, हातात हात घेतला आणि म्हणाले, "शाब्बास. शेतकऱ्यांतच एवढा समजूतदार माणूस निघाला. ह्या लोकांना फुकटची सवय लागलीय." खरं सांगतो, पैसे विचारणाऱ्याचा राग आला नव्हता, ह्या शाबासकीनं मात्र रात्रभर झोप नाही. पुढं कानावर आलं की एका बैठकीत एका साहेबानं तेच कात्रण वाचून दाखवलं, "बघा, शेतकऱ्यांची तक्रार नाही."

दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी बोलणंच बंद केलं. आमची मोटार एकाच डीपीवर. फ्यूज गेला तर दोघांनी मिळून जायचं, अशी वीस वर्षांची रीत. त्या हिवाळ्यात ते एकटेच जायचे.

मी खुलासा पाठवला की माझे पत्र उपरोधिक होते. तोही छापला, तीन ओळी. लोक म्हणाले, "दम दिला असंल कोणीतरी."

मग मी ह्यात खोल शिरलो. आपल्याकडं संपादकाला पत्र ही जुनी रीत. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये लोकहितवादी ह्या नावानं पत्रं लिहिली. शतपत्रं म्हणतात, पण मोजली तर १०८. ती सरळ होती, आणि झोंबली. माझ्यासारखी फजिती झालेला मात्र सापडला तो विलायतेत. डॅनियल डिफो, रॉबिन्सन क्रूसोवाला. १७०२ साली त्यानं बिननावाचं एक चोपडं छापलं. तिथल्या सरकारी चर्चला न मानणाऱ्यांना हाकलावं, फाशी द्यावं, असा त्याचा सूर. डिफो स्वतः त्या न मानणाऱ्यांतलाच. पण कट्टर मंडळींना चोपडं मनापासून आवडलं, आणि त्याचे स्वतःचे लोक घाबरले. खरा प्रकार कळल्यावर दोन्हीकडचे चिडले. १७०३ च्या जुलैत त्याला तीन दिवस भर चौकात लाकडी खोड्यात उभं केलं. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिननं १७७३ ला लंडनच्या पेपरात प्रशियाच्या राजाचा खोटा हुकूम छापला, की इंग्लंड ही आमची जुनी वसाहत, कर भरा. एक इंग्रज गृहस्थ तो पेपर घेऊन धावत आला, आणि फ्रँकलिन त्याच घरात पाहुणा म्हणून बसलेला होता. इंग्लंड अमेरिकेशी जसं वागत होतं तेच त्यानं उलटं करून लिहिलं होतं.

डिफोचं वाचल्यावर माझ्या ध्यानात आलं. परांजप्यांचा अंक घेणारा माणूस परांजपे कोण हे ओळखूनच घ्यायचा. मला कोण ओळखतं? आमच्या गावात एकही वाक्य सरळ बोलत नाहीत. उशिरा आलेल्या माणसाला "लई लवकर आलात" म्हणतात, आणि त्याला कळतं, कारण बोलणाऱ्याचं तोंड समोर असतं. पेपरात तोंड नसतं. पण एवढ्यावर माझं समाधान होईना, कारण दाजींनी तर माझं तोंड जन्मभर बघितलेलं. त्यांना तरी कळायला पाहिजे होतं.

खरी गोष्ट अशी की मी लिहिलेलं खोटं वाटावं असं राहिलंच नव्हतं. रातीच्या विजेचं भलं सांगणारे, शेतकरी आळशी झालाय म्हणणारे लोक खरेच होते, कोट घालून भाषणं करत होते. मला वाटलं मी लई टोकाचं लिहिलं, पण ते रोजच्या बोलण्याहून बोटभर सुद्धा लांब नव्हतं. डिफोच्या चोपड्याचंही तेच झालं, तसं खरंच बोलणारे तिथं होते. आणि दाजींच्या घरचा बैल गेलेला. सापाला मित्र म्हणताना मला हसू आलं होतं, पण त्या घरात ते वाक्य वाचून कोण हसणार होतं? हे मला लिहिताना सुचायला पाहिजे होतं. सुचलं नाही, ती चूक पेपरवाल्याची नाही.

दाजी लिहिणं-वाचणं न येणारे. पत्र त्यांना त्याच पोरानं वाचून दाखवलं होतं, हे मला नंतर कळलं.

पुढल्या हिवाळ्यात राती दीडच्या सुमाराला फ्यूज गेला. मी डीपीकडं निघालो तर मागून बॅटरीचा उजेड. दाजी. दोघं मुकाट्यानं चाललो. काम झालं, मोटारी चालू झाल्या. थंडीनं दाजींचे दात वाजत होते. परत फिरताना म्हणाले, "लिव्ह आता पेपराला. किती मजा येऊ लागली म्हणून."

आणि माझ्या पायापुढं बॅटरी धरून चालू लागले.