पादक्षालन

पादक्षालन : ख्रिस्ती नम्रतेचे आचरण म्हणून इतरांचे पाय धुण्याचा विधी. योहानाच्या शुभवर्तमानातील 13 व्या अध्यायानुसार येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी (पहा : प्रभुभोजन) शिष्यांचे पाय धुतले व तसेच एकमेकांशी वागण्यास सांगितले. हे काम तेव्हा घरच्या दासांचे असे; पेत्राने आधी नकार दिला तो त्यामुळेच. 694 च्या टोलेडो धर्मसभेने हा विधी बंधनकारक केला. पोप बारावे पायस यांच्या 1955 च्या सुधारणेने तो पवित्र गुरुवारच्या सायंकाळच्या मिस्सात आला. 2016 पासून त्यात स्त्रियांनाही अधिकृतपणे स्थान आहे.

धर्मगुरू वरचे पूजावस्त्र उतरवतो, कमरेला पंचा बांधतो, गुडघे टेकून निवडलेल्या भाविकांच्या, बहुधा बारा जणांच्या, पायांवर पाणी ओततो व ते पुसतो. वेदीवरचा अधिकारी येथे प्रत्यक्ष खाली वाकतो, हेच विधीचे मर्म. नम्रतेचे हेच मूल्य फ्रान्सिस्कन संघातही दिसते; 1321 मध्ये ठाण्यात हुतात्मा झालेले धर्मबंधू याच संघाचे होते. ‘धाकटे बंधू’ हे त्या संघाचे नावच नम्रतेच्या व्रतातून आले (पहा : फ्रान्सिस, असिसीचा).