विडीकामगाराचे घर

निपाणी म्हटले की आम्हां सीमावासीयांना १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि एप्रिल १९८१ मधील तंबाखू शेतकऱ्यांवरचा गोळीबार आठवतो. १९७६ चा कायदा सहसा आठवत नाही. त्या वर्षी केंद्राने विडीवर उपकर बसवून विडीकामगार कल्याण निधी उभारला. त्यातून घरबांधणीस अनुदान मिळू लागले. मात्र त्यासाठी स्वतःची जागा लागत असे. घरीच विड्या वळणाऱ्या स्त्रीचे घर हाच तिचा कारखाना. ओली पाने, तंबाखूचा खकाणा व मुलांचे अंथरूण एकाच खोलीत. भूमी कोणत्या राज्याची यासाठी आम्ही हिरिरीने भांडलो, आणि ते रास्तच होते; पण तिच्या घरापुरत्या जागेचा विषय आमच्या सभांत क्वचितच निघाला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, विडीवरील उपकर रद्द झाला आणि त्या घरांची हक्काची तिजोरीच गेली.