नंबरच्या गॉगलची भिंगे

नंबरचा गॉगल म्हणजे दृष्टिदोष दूर करणारी आणि उन्हापासून डोळ्यांचे रक्षण करणारी रंगीत भिंगे बसविलेला चष्मा. ऱ्हस्वदृष्टी, दूरदृष्टिता, दृष्टिवैषम्य किंवा चाळिशी असलेल्या व्यक्तीला साध्या गॉगलमधून स्पष्ट दिसत नाही आणि नेहमीच्या चष्म्याने ऊन अडत नाही. ही दुहेरी अडचण अशा भिंगांनी दूर होते. भिंगे निवडताना अतिनील किरणांना अटकाव, गडदपणा, रंग, ध्रुवीकरण, भिंगाचे द्रव्य आणि फ्रेमचा आकार या बाबी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. एक गुण आहे म्हणून दुसराही असेलच, असे नसते. विशेषतः काच जितकी गडद तितके डोळे सुरक्षित, हा समज चुकीचा आहे.

अतिनील किरणांपासून संरक्षण

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्या दीर्घकालीन माऱ्याचा संबंध मोतीबिंदूशी, तसेच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणाऱ्या मांसल वाढीशी (टेरिजियम) आहे. हे किरण अडविण्याचे काम भिंगाचे द्रव्य, त्यात मिसळलेली शोषक रसायने किंवा वरील लेप करतो. रंग फक्त दृश्य प्रकाश कमी करतो. त्यामुळे पूर्णपणे रंगहीन भिंगही अतिनील किरण अडवू शकते आणि एखादे काळेभोर भिंग ते आत येऊ देऊ शकते. दुसऱ्या प्रकारचे भिंग अधिक घातक ठरते. कारण अंधारामुळे डोळ्याची बाहुली विस्फारते, मिचकावणे कमी होते आणि डोळ्यात शिरणाऱ्या अतिनील किरणांचे प्रमाण वाढते.

४०० नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांबीचे किरण अडविणाऱ्या भिंगावर ‘यूव्ही ४००’ असा उल्लेख असतो. भिंगातून किती अतिनील किरण पार होतात, हे मोजणारे छोटे उपकरण अनेक चष्म्याच्या दुकानांत असते. खरेदीपूर्वी त्यावर भिंग तपासून घेता येते.

गडदपणाच्या श्रेणी

‘आयएसओ १२३१२-१’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार भिंगातून पार होणाऱ्या दृश्य प्रकाशाच्या प्रमाणावरून गॉगलच्या पुढील श्रेणी ठरतात.

श्रेणी ० : ८० ते १०० टक्के प्रकाश पार होतो. जवळजवळ रंगहीन भिंग.
श्रेणी १ : ४३ ते ८० टक्के. ढगाळ हवेसाठी.
श्रेणी २ : १८ ते ४३ टक्के. मध्यम उन्हासाठी.
श्रेणी ३ : ८ ते १८ टक्के. कडक उन्हासाठी, समुद्रकिनारी व उघड्या माळावर.
श्रेणी ४ : ३ ते ८ टक्के. हिमाच्छादित उंच पर्वत व हिमनद्यांसाठी.

श्रेणी ४ ची भिंगे वाहन चालविताना वापरू नयेत. ७५ टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश पार करणारे कोणतेही भिंग संधिप्रकाशात व रात्री वाहन चालविण्यास योग्य नसते. नेहमीच्या उन्हासाठी बहुधा श्रेणी २ किंवा ३ पुरेशी ठरते.

रंग

राखाडी रंग सर्व रंगांचा प्रकाश साधारण सारख्याच प्रमाणात कमी करतो; त्यामुळे वस्तूंचे मूळ रंग फारसे बदलत नाहीत. तपकिरी रंग निळा प्रकाश अधिक शोषतो. त्याने उठाव वाढल्यासारखा वाटतो. हिरवट-राखाडी रंग या दोहोंच्या मधला आहे. पिवळी व नारिंगी भिंगे उठाव वाढवीत असली तरी त्यांमुळे रंगांची पारख बिघडते. रंगांधत्व असलेल्या व्यक्तीला वाहतुकीचे दिवे ओळखण्याच्या दृष्टीने राखाडी भिंग सोयीचे असते.

ध्रुवीकरण करणारी भिंगे

पाणी, ओला रस्ता, मोटारीचे बॉनेट अशा आडव्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेला प्रकाश मोठ्या प्रमाणात आडव्या दिशेने ध्रुवीकृत झालेला असतो. पाण्याच्या बाबतीत सुमारे ५३ अंशांच्या आपाती कोनावर हा परिणाम सर्वाधिक असतो. ध्रुवीकरण करणाऱ्या भिंगातील पातळ पटल उभ्या दिशेचा प्रकाश पार होऊ देते आणि आडव्या दिशेचा अडविते; त्यामुळे डोळे दिपविणारी चकाकी कमी होते. अशा पटलाच्या निर्मितीचा मार्ग अमेरिकन संशोधक एडविन लँड यांनी १९२९ च्या सुमारास शोधला.

वाहनचालक, मच्छीमार व होडी चालविणारे यांना ही भिंगे उपयुक्त असतात. मात्र त्यांतून मोबाइलचे किंवा मोटारीतील काही पडदे विशिष्ट कोनात काळे दिसतात आणि मोटारीच्या मागील कडक केलेल्या काचेवर ठिपके दिसू शकतात. ध्रुवीकरण म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण नव्हे. दोन्ही गुण वेगळे तपासावे लागतात.

ऊन पाहून रंग बदलणारी भिंगे

ही फोटोक्रोमिक भिंगे उन्हात गडद होतात आणि सावलीत काही मिनिटांनी पुन्हा फिकी होतात. कॉर्निंग या अमेरिकन कंपनीने १९६० च्या दशकात चांदीची संयुगे असलेली अशी काच बाजारात आणली. प्लॅस्टिकच्या भिंगांत सेंद्रिय रंगद्रव्ये वापरतात. एकाच चष्म्यात दोन्ही कामे होत असली तरी त्याला दोन मर्यादा आहेत. बहुतेक भिंगांतील रंगबदल अतिनील किरणांमुळे होतो आणि मोटारीची पुढची काच ते किरण बहुतांशी अडविते. म्हणून मोटारीत ही भिंगे पुरेशी गडद होत नाहीत. शिवाय तापमान वाढले की त्यांचा गडदपणा कमी होतो. विदर्भातील उन्हाळ्यासारख्या हवेत हा फरक विशेष जाणवतो. अशा ठिकाणी कायम रंगीत भिंगांचा वेगळा गॉगल अधिक उपयोगी पडतो.

भिंगाचे द्रव्य

दुकानात भिंगाला ‘काच’ म्हणण्याचा प्रघात असला तरी आज बहुतेक भिंगे प्लॅस्टिकची असतात. सीआर-३९ हे प्लॅस्टिक १९४० मध्ये अमेरिकेत विकसित झाले. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५० असून वजन तेवढ्याच आकाराच्या काचेच्या निम्म्याच्या आसपास असते. ते रंग चांगला धरते आणि त्यातून प्रतिमा स्वच्छ दिसते. मात्र त्यात अतिनील किरणांचे शोषक मिसळले आहे याची खात्री करावी लागते. पॉलिकार्बोनेट (अपवर्तनांक १.५९) आघात सहन करते आणि बहुतेक अतिनील किरण स्वतःच शोषते, पण जास्त नंबरात भिंगाच्या कडेकडून पाहताना वस्तूंभोवती रंगीत किनार दिसू शकते. ट्रायव्हेक्स हलके व मजबूत असून त्यात हा दोष कमी असतो. मुलांसाठी आणि खेळाडूंसाठी शेवटची दोन द्रव्ये श्रेयस्कर होत. नंबर मोठा असल्यास १.६० किंवा १.६७ अपवर्तनांकाची भिंगे पातळ होतात.

नंबर आणि फ्रेम

गालापर्यंत वळलेल्या मोठ्या फ्रेमने बाजूचे ऊन अडते. परंतु तिच्यातील भिंग अधिक वक्र आणि डोळ्यासमोर तिरपे असते. तिरपेपणामुळे भिंगाचा परिणामी नंबर बदलतो. नंबर मोठा असल्यास जमीन वाकडी दिसणे, डोके दुखणे अशा तक्रारी उद्भवतात. अशा फ्रेमसाठी नंबराची भरपाई करून भिंग घडवावे लागते. मोठ्या नंबरासाठी मध्यम आकाराची, कमी वळणाची फ्रेम अधिक सुरक्षित असते. ऱ्हस्वदृष्टीची भिंगे कडेला जाड असतात. फ्रेम जितकी मोठी तितकी ही जाडी वाढते.

दूरचे, मधले व जवळचे असे तिन्ही नंबर असलेल्या प्रोग्रेसिव्ह भिंगासाठी फ्रेमला पुरेशी उंची हवी. नाहीतर वाचनाचा भाग कापला जातो. दोन्ही बाहुल्यांमधील अंतर आणि फ्रेममधील बाहुलीची उंची ही मापे निवडलेली फ्रेम घालूनच घ्यावी लागतात.

भिंगाच्या मागील बाजूस परावर्तनरोधक लेप असल्यास पाठीमागून येणाऱ्या प्रकाशाचे प्रतिबिंब डोळ्यात जात नाही. पुढील बाजूचा आरशासारखा लेप प्रकाश आणखी कमी करतो, पण त्यावर ओरखडे लवकर उठून दिसतात.

मर्यादा

कोणत्याही श्रेणीच्या गॉगलमधून सूर्याकडे किंवा सूर्यग्रहणाकडे थेट पाहणे धोक्याचे आहे. त्यासाठी ‘आयएसओ १२३१२-२’ या वेगळ्या मानकानुसार बनविलेले गाळणच वापरावे लागते. घरात किंवा सावलीत सतत गडद भिंगे वापरल्याने डोळे उजेडाला अधिक संवेदनशील होऊ शकतात. नेहमीच्या उजेडातही डोळे दिपत असतील, तर गॉगलची गडद काच हा त्यावरील उपाय नव्हे. नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी करून कारण शोधावे लागते.