हात, घर आणि सहाबारी : प्रस्तावना

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून, खोगिरासारखा एक सांधा असतो. आपल्याला चिमूट धरता येते, सुईत दोरा ओवता येतो, तो या सांध्याच्या जोरावर. १९७७ साली कूनी आणि चाओ या संशोधकांनी हिशेब मांडून दाखवला की, चिमटीच्या टोकाशी एक किलोचा जोर लावला तर या सांध्यावर सुमारे बारा किलोंचा भार पडतो. वय वाढलं की, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त, इथली कूर्चा झिजू लागते. बरणीचं झाकण फिरवताना कळ येते, कुलपात किल्ली फिरत नाही, ओला पंचा पिळताना हात मध्येच थांबतो. हॅण्ड थेरपिस्ट म्हणून ओहायो राज्यात पंचवीस वर्षं मी अशा हातांवर काम केलं. हा अभ्यास त्याच कामातून वाढला. त्याची सुरुवात मात्र आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी झाली.

आम्ही गावाबाहेर राहतो. रात्री मदत मागवली तर शेरीफची गाडी यायला वेळ लागतो. नवऱ्याला कामासाठी आठवडा-आठवडा बाहेर राहावं लागू लागलं, तेव्हा घरात असलेलं त्याचं नऊ मिलिमीटरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल मलाही वापरता यावं असं आम्ही ठरवलं. या जातीच्या पिस्तुलाच्या माथ्यावर पोलादाची स्लाइड असते. पहिली गोळी नळीत आणायची तर ती मागे खेचून सोडावी लागते. त्यासाठी लागणारा जोर अनेक पिस्तुलांत आठ किलोंच्या आसपास असतो. चिमटीत धरून खेचायला गेलं तर अंगठ्याच्या मुळावर काय भार येईल, तो गुणाकार वाचकांनी वरच्या आकड्यावरून करावा.

"अगं, घाबरू नकोस, झटका देऊन ओढ," नवरा म्हणाला. मी ओढली. स्लाइड निम्म्यावर अडली, अंगठ्यातून निघालेली कळ कोपरापर्यंत गेली, आणि पिस्तुलाचं तोंड माझ्या नकळत त्याच्याकडे वळलं. पिस्तूल रिकामं होतं, आम्ही दोघांनी दोनदा तपासलं होतं. तरी तो उठून बाजूला झाला, आणि आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मला भीती वाटत होती हे खरंच. पण ती माझ्या हातालाच आधी कळली होती. जोडीदाराला एखादं शस्त्र नकोसं वाटतं तेव्हा ते नकोसं वाटणं ही माहिती असते, आणि निवड तिच्यापासून सुरू व्हायला हवी. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा पाया हाच आहे.

एक गोष्ट इथेच सांगते. स्लाइड खेचण्याची माझी पद्धत चुकीची होती. तळहात स्लाइडवरून आडवा टाकून चार बोटांनी ती घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं, असं केलं तर पुष्कळ बायकांना ती ओढता येते. २०१८ साली स्मिथ अँड वेसनने हलक्या स्लाइडचं 'शील्ड ईझेड' बाजारात आणलं तेही अशाच हातांसाठी. ज्यांची अडचण तेवढीच आहे त्यांनी हे दोन उपाय आधी करून पाहावेत. माझी अडचण तेवढीच नव्हती. स्लाइड, मॅगझिन, सेफ्टीचा खटका आणि नळीत दिसत नसलेली गोळी, इतक्या गोष्टी रात्री दोन वाजता लक्षात ठेवायला मी तयार नव्हते. याउलट रिव्हॉल्व्हरचं फिरतं सिलिंडर बाजूला काढलं की किती घरं भरलेली आहेत ते एका नजरेत दिसतं. एखादं काडतूस उडालं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर आपोआप समोर येतं. मूठ सैल राहिल्यामुळे स्लाइड अडकण्याचा प्रश्नच तिथे येत नाही. मी रिव्हॉल्व्हरकडे वळले ती या साधेपणासाठी.

जुन्या मराठीत याला 'सहाबारी' म्हणत. 'सहा बार काढणारी' ही त्यातली कल्पना मला फार आवडते, कारण तिच्यात यंत्राचं मर्म आलं आहे. आपण 'घोडा दाबला' असंही सर्रास लिहितो. खरं तर बोटाने दाबतो तो चाप. घोडा मागे जाऊन काडतुसावर आदळतो. हा फरक भाषेपुरता नाही. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप दीड-दोन किलोंच्या जोराने सुटतो. घोडा खाली असताना थेट चाप ओढला तर बोटालाच घोडा उचलावा लागतो, सिलिंडर फिरवावं लागतं, आणि त्याला साडेचार ते साडेपाच किलो जोर लागतो. पहिली रीत सोपी वाटते, पण घरात आणि अंधारात ती धोक्याची आहे. थरथरत्या बोटाखाली दीड किलो म्हणजे काहीच नाही, आणि गोळी न झाडता घोडा परत खाली आणणं हे आणखी जोखमीचं काम. शिवाय घोडा ओढायला पुन्हा तोच अंगठा लागतो. म्हणून या पुस्तकात सगळीकडे दुसरीच रीत धरली आहे.

आता दुकानाची गोष्ट. काउंटरमागच्या गृहस्थांनी बोलायला सुरुवात केली ती माझ्या नवऱ्याशी. मग माझ्या हातात एक इवलंसं रिव्हॉल्व्हर ठेवलं: पाच घरं, दोन इंचांहून कमी नळी, मिश्रधातूची चौकट, वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. बायका हेच नेतात, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. हातात ते छान वाटलं, पाकिटाएवढं. रेंजवर त्यातून अडतीस स्पेशल काडतुसं झाडली तेव्हा पहिल्या गोळीला तळहातावर कोणी पट्टी मारावी तसं झालं. तिसऱ्या गोळीपर्यंत मी चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागले होते. पाचवी मी झाडलीच नाही. सात यार्डांवरच्या कागदावर एकच भोक होतं, तेही खांद्याबाहेर.

हे का झालं ते न्यूटनच्या गतिनियमांतून सरळ निघतं. गोळी पुढे जाते तेवढाच संवेग शस्त्राला मागे मिळतो. तो ठरलेला असल्यामुळे शस्त्राचं वजन निम्मं केलं की मागे येण्याचा वेग दुप्पट होतो आणि हाताला पचवावी लागणारी ऊर्जाही दुप्पट. दुसरी गोष्ट माझ्या मते अधिक महत्त्वाची, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. त्या चिमुकल्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला लागणारा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहापट होता. हलकी वस्तू धरून तिच्या एका भागावर तिच्या दहापट जोर लावला तर ती हलणारच. हेच सूत्र एक किलोच्या पोलादी रिव्हॉल्व्हरला लावलं तर जोर जेमतेम पाचपट उरतो, नळी स्थिर राहते, आणि चार इंचांच्या नळीवर नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यामधलं अंतर वाढल्याने नेम चुकला तर तो डोळ्याला दिसतो. छोटं हलकं शस्त्र मुरलेल्या नेमबाजाच्या खिशासाठी असतं. उशाशी, पेटीत राहणारं शस्त्र दिवसभर कमरेला लावून फिरायचं नसतं, त्यामुळे तिथे वजन हा गुण आहे. बाईच्या हाताला हलकं द्यावं हा समज इतका सार्वत्रिक आहे की तो खोडण्यात या पुस्तकाची दोन प्रकरणं गेली.

हा समज जुना आहे. सॅम्युएल कोल्ट यांना रिव्हॉल्व्हरसाठी अमेरिकेत पेटंट मिळालं १८३६ साली. आरपार भोकाच्या सिलिंडरचं रोलिन व्हाइट यांचं पेटंट वापरून स्मिथ आणि वेसन यांनी धातूच्या काडतुसाचं पहिलं रिव्हॉल्व्हर १८५७ साली विकायला आणलं. १८८७ साली त्यांनीच घोडा झाकलेलं, मुठीवर दाब आल्याशिवाय न उडणारं रिव्हॉल्व्हर काढलं. घरात ठेवायचं शस्त्र कसं असावं याचा विचार यंत्रातच उतरवण्याचा तो एक गंभीर प्रयत्न होता. १९०२ साली याच कंपनीने 'लेडीस्मिथ' नावाचं सात घरांचं, बावीस बोअरचं, अगदी नाजूक रिव्हॉल्व्हर आणलं, ते १९२१ला बंद झालं, आणि १९८९ला हेच नाव बायकांसाठीच्या नव्या मालिकेला मिळालं. याच काळात, १८९९पासून, सैन्य आणि पोलिसांसाठी घडवलेलं त्यांचं मधल्या आकाराचं रिव्हॉल्व्हर, पुढे 'मॉडेल १०' म्हणून ओळखलं गेलेलं, साठ लाखांहून अधिक संख्येने तयार झालं. सरासरी हाताला जे बसतं ते बहुधा यातच होतं, आणि त्यावर बाईचं नाव कधी लिहिलं गेलं नाही.

आपल्याकडे २०१४ साली कानपूरच्या आयुध निर्माणीने 'निर्भीक' आणलं. दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेची आठवण नावात ठेवलेलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, बत्तीस बोअरचं, सुमारे अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर. तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. बत्तीसचं काडतूस सौम्य असल्याने हलकेपणा तिथे तितका बाधत नाही, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. पण भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळवणं हाच मुख्य प्रश्न आहे, आणि घराच्या रक्षणासाठी शस्त्र निवडण्याचा विचार महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत उद्भवतच नाही. अमेरिकेत तो उद्भवतो, कारण २००८ साली 'हेलर' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी हँडगन बाळगणं हा व्यक्तीचा घटनादत्त हक्क मानला. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न येतो आणि त्याबद्दल मराठीत वाचायला काही सापडत नाही. मी मराठीत लिहिलं त्यामागे हे कारण आहे.

हात, घर आणि शस्त्र यांच्या या अभ्यासक्षेत्राला अजून एक नाव नाही. यंत्राचा इतिहास एकीकडे, हाताची शरीररचना दुसरीकडे, बंदुकांचे जाणकार तिसरीकडे आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक या सगळ्यांपासून दूर, अशी विभागणी आहे. इंजिनिअर, परिचारिका, वकील, इतिहासाचे विद्यार्थी, ज्यांनी कधी शस्त्र हातात घेतलं नाही आणि घ्यायचंही नाही असे वाचक, सगळ्यांना इथे काम आहे. किंबहुना शेवटच्या गटाची मला विशेष गरज वाटते, कारण पुढचा मुद्दा त्यांना आधी सुचतो.

तो मुद्दा घराचा. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. संशोधक स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या लाखो लोकांच्या नोंदी तपासून २०२० साली दाखवलं की, हँडगन असलेल्या स्त्रियांमध्ये बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण हँडगन नसलेल्या स्त्रियांच्या पस्तीसपट होतं. २०२२च्या त्यांच्या अभ्यासात, स्वतःकडे हँडगन नसताना हँडगन बाळगणाऱ्या माणसासोबत राहणारे लोक पाहिले. जोडीदाराकडून गोळी लागून मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सातपट निघालं, आणि बळी बहुतांशी स्त्रिया होत्या. हे आकडे मी पुस्तकाच्या शेवटी ढकलले नाहीत. दुसऱ्या प्रकरणातच ते आहेत, शस्त्रांच्या वर्णनाच्या आधी. घरात कोणी खचलेलं आहे का, दारू आहे का, हात उगारला जातो का, शस्त्र कोणाच्या हट्टाने येतं आहे, हे प्रश्न मी दवाखान्यात आलेल्या बाईला एकटीला गाठून विचारत असे. एखाद्या उत्तरानंतर निवडीची बोलणी तिथेच थांबवावी लागली आहेत, आणि त्यातल्या कुठल्याही वेळेचा मला पश्चात्ताप नाही.

मुलांच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे: रिव्हॉल्व्हरचा चाप जड, म्हणून ते लेकराच्या हातून उडणार नाही. लहान मूल दोन्ही अंगठ्यांनी मिळून चाप ढकलतं, आणि ढकलताना शस्त्राचं तोंड त्याच्याच छातीकडे असतं. यावर कुलूपबंद पेटीला पर्याय नाही. बोटांनी कळा दाबून उघडणारी, पलंगाजवळ बोल्टने बसवलेली पेटी अंधारात काही सेकंदांत उघडता येते. सवय मात्र करावी लागते. भिंतींचाही विचार करायला हवा. अमेरिकेतली बहुतेक घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ तक्ते ठोकून उभारलेली असतात, वीट-सिमेंटची नव्हेत. चुकलेली गोळी पलीकडच्या खोलीत जाते. म्हणून कोण कुठे झोपतं याचा नकाशा आधी काढायचा, काडतूस नंतर निवडायचं.

काडतुसांबद्दल इथे थोडंच. तीनशे सत्तावन्न मॅग्नमसाठी घडवलेल्या जड रिव्हॉल्व्हरमध्ये अडतीस स्पेशल चालते, आणि सरावासाठी सपाट तोंडाची वॉडकटर हाताला सर्वांत सुखाची. बंद खोलीत मॅग्नम झाडणं कानांना सोसणारं नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या बारीक फटीतून तप्त वायू बाजूला फेकला जातो. पिस्तुलाच्या सवयीने पुढे सरकलेला अंगठा तिथे भाजतो. हे मी माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाच्या अंगठ्यावर पाहिलं आहे.

मी अखेर चार इंची नळीचं, रबरी मुठीचं, पोलादी रिव्हॉल्व्हर घेतलं. नवऱ्याला ते अवजड वाटलं. "तुला हेच हवंय का?" त्याने एकदाच विचारलं, मी हो म्हटलं, आणि पैसे मी दिले. दर रविवारी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, नकली काडतुसं भरून मी वीस वेळा चाप ओढते. नळीवर एक नाणं ठेवते. पहिल्या महिन्यात ते दर वेळी पडत होतं.

पहिलं प्रकरण हाताच्या मापाचं आहे. ते उघडण्यापूर्वी एक फूटपट्टी, एक पेन्सिल आणि कोरा कागद जवळ घ्या. हात कागदावर सपाट ठेवा, अंगठा बाजूला ताणा, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या खोबणीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जोडीदार शेजारी असेल तर त्याचं किंवा तिचंही घ्या, वेगळ्या कागदावर.