नकोसं पत्र आणि 'नाही' म्हणायची सोय

आजची गोष्ट सुरू होते एका पानभर टिपणापासून. नोव्हेंबर १९७५. इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अर्पानेट, अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारं आणि मोजकी विद्यापीठं, संशोधन संस्था जोडणारं जाळं. त्यावर काम करणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी 'आरएफसी ७०६' हे टिपण लिहिलं. विषय चक्क जंक मेल! मुद्दा साधा होता. एखादा संगणक बिघडून किंवा मुद्दाम नकोसे निरोप पाठवत सुटला, तर 'तुझं काही नको' असं म्हणायची सोय समोरच्या संगणकाला नाही. ती हवी.

अडीच वर्षांनी, मे १९७८ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क यांना कॅलिफोर्नियात नवे संगणक दाखवायचे होते. अर्पानेटवरच्या लोकांची छापील डिरेक्टरी होती. त्यातून साधारण चारशे पत्ते हातानं टाइप करून घेतले आणि सगळ्यांना एकच निमंत्रण धाडलं. पत्ते इतके झाले, की ते ठरलेल्या जागेत मावेनात, सांडले थेट मजकुरात. म्हणजे बिचाऱ्या वाचणाऱ्याला आधी पत्त्यांची रांग, मग जाहिरात. भरपूर ओरड झाली. हे जाळं सरकारी कामासाठी आहे, असं कंपनीला खडसावण्यात आलं. पण एक कोटी डॉलरच्या वर विक्री झाली, असं थर्क नंतर सांगत. आता बोला!

खरी गोम इथेच आहे. पोस्टानं चारशे पत्रं पाठवायची तर चारशे तिकिटं लागतात. ईमेलमध्ये पाठवणाऱ्याला जवळपास फुकट, आणि वेळ जातो तुमचा-माझा. त्यामुळे नुसत्या ओरडण्यानं हे थांबणारं नव्हतं.

२००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरनं वेगळा विचार मांडला. नियम लिहीत बसू नका, शब्द मोजा. स्पॅममध्ये कुठले शब्द जास्त येतात, चांगल्या पत्रांत कुठले, त्यावरून शक्यता काढा. गणित होतं अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या इंग्लिश पाद्र्याचं. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे चांगल्या पत्रांतल्या शब्दांची मोजणी ग्रॅहम मुद्दाम दुप्पट धरत. का? दहा जाहिराती आत आल्या तर चिडचिड होते, पण नोकरीचं एक पत्र अडकलं तर नुकसान होतं. म्हणून सांगतो, आठवड्यातून एकदा स्पॅम फोल्डर उघडून बघाच.

आणि नकोसं मेल नुसतं डिलीट करू नका, 'स्पॅम' बटण दाबा. तेव्हाच गाळणी शिकते. ओळखीच्या दुकानाची जाहिरात असेल तर 'अनसबस्क्राइब' ठीक आहे. पण अनोळखी मेलमधल्या त्या लिंकला हात लावू नका, कारण पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. मेलमधलं चित्र आपोआप उघडलं तरी तेच होऊ शकतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद ठेवता येतं.

आपल्याकडे १९०९ वर नोंद केली की जाहिरातीचे फोन आणि एसएमएस नाकारता येतात, निदान नियमानुसार तरी! इनबॉक्स मात्र त्यात येत नाही. पोस्टेल यांचं टिपण आजही इंटरनेटवर आहे. दोन मिनिटांत वाचून होतं.