सूर्याचे डाग आणि कुलाब्याची वही

सूर्यावर डाग आहेत हे दुर्बीण आल्यावर, 1610 च्या सुमारास, युरोपला कळले. त्यांचा नेमाने हिशेब ठेवायला मात्र दोनशे वर्षे जावी लागली. जर्मनीतल्या देसाऊ गावचे हाइनरिश श्वाब हे पेशाने औषधविक्रेते. बुधाच्या कक्षेच्याही आत एखादा ग्रह असेल, तर तो सूर्यबिंबावरून सरकताना दिसेल, या आशेने ते 1826 पासून आभाळ निरभ्र असेल त्या दिवशी सूर्याचे डाग टिपून ठेवत. ग्रह काही सापडला नाही. पण साधारण दहा वर्षांनी डाग वाढतात आणि ओसरतात, हे त्यांनी 1843 च्या नोंदींअखेर दाखवून दिले.

पुढे स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ वोल्फ यांनी मोजणीला सूत्र दिले. डागांच्या समूहांची संख्या दहाने गुणायची आणि त्यात एकूण डाग मिळवायचे. तीन समूहांत मिळून सात डाग दिसले, तर आकडा 37. निरीक्षकागणिक आणि दुर्बिणीगणिक पडणारा फरक एका गुणकाने दुरुस्त करायचा. डागांच्या वाढण्या-ओसरण्याचे हे चक्र सरासरी अकरा वर्षांचे असल्याचे त्यांनीच काढले.

1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये खगोलनिरीक्षक रिचर्ड कॅरिंग्टन डागांच्या एका मोठ्या समूहाचे चित्र काढत असताना त्यावर अचानक पांढरा झोत चमकला. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले, तारयंत्रे बिघडली. त्या वेळी मुंबईत 2 सप्टेंबरची सकाळ होती. कुलाबा वेधशाळेतले निरीक्षक चुंबकमापकावरचे आकडे डोळ्यांनी वाचून हाताने लिहीत होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी खाली आल्याचे त्यांच्या नोंदीत आहे. त्या वादळाची तीव्रता ठरवताना शास्त्रज्ञ आजही याच नोंदीकडे वळतात.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या प्रवाहाने मोजमाप बिघडू नये, म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत 1904 साली हे काम अलिबागला नेले. इमारत लोखंडाशिवाय बांधली. काही काळ दोन्हीकडे एकदमच नोंदी घेतल्या, म्हणून जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता आली.

डाग म्हणजे प्रबळ चुंबकीय क्षेत्राच्या जागा, हे जॉर्ज हेल यांनी 1908 मध्ये सिद्ध केले. अशा वादळांचा आजचा अंदाज त्यावरच उभा आहे. समूहाचे चुंबकीय ध्रुव जितके गुंतागुंतीचे, तितकी कॅरिंग्टन यांना दिसला तशा स्फोटाची शक्यता जास्त. स्फोटाचा प्रकाश आठ मिनिटांत पोहोचतो; बाहेर फेकलेल्या चुंबकित वायूला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. पूर्वसूचनेला तेवढाच अवधी. 1989 च्या मार्चमध्ये अशाच वादळाने कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली होती. भारताचे ‘आदित्य एल-1’ यान जानेवारी 2024 पासून पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे.

उपग्रह येतात आणि थकतात. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या वादळाशी आजच्या वादळाची तुलना करता येते ती अखंड नोंदींमुळेच. म्हणून अलिबागसारख्या वेधशाळांना पैसा आणि माणसे कधीही कमी पडू देता कामा नयेत.