परसातल्या पीचची काडी

जानेवारीतला पहिला कोरडा रविवार आला की मी कात्री घेऊन परसात उतरते. कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमधल्या आमच्या घरामागे पीचचं एकच झाड आहे. पानं सगळी गळलेली असतात, खोडावर डिंकाचे खडे वाळलेले असतात आणि शेंड्यांना गेल्या उन्हाळ्यात फुटलेल्या तांबूस काड्या. फळ येतं ते या वर्षभराच्या काडीवरच. म्हणून निम्म्याच्या आसपास झाड दरवर्षी कापून टाकावं लागतं. मधे पोकळी ठेवायची, म्हणजे ऊन पोटात शिरतं आणि झाड उघड्या ओंजळीसारखं दिसतं. ज्याला कापायची दया येते त्याचं पीच चार वर्षांत उंच जातं, खालून नागडं होतं आणि फळ शिडीलाही लागत नाही.

मी निफाड तालुक्यातली, द्राक्षाच्या बागेत वाढलेली. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांवर आमच्या घरातली लग्नं आणि देणी ठरायची. तरीही २००६ साली हे घर घेतलं तेव्हा या झाडाकडे मी शोभेचं झाड म्हणूनच पाहिलं. पहिल्या मार्चमध्ये गुलाबी फुलांनी ते भरून गेलं. एप्रिलमध्ये पानं लालभडक होऊन फुगली, कुरडईसारखी वळली आणि गळून पडली. कुंपणापलीकडच्या आजींनी पाहिलं आणि एवढंच विचारलं, "थंडीत तांबं मारलं नाहीत?"

हा पानं वळवणारा रोग बुरशीचा. टॅफ्रिना डिफॉर्मन्स तिचं नाव. पानं वळलेली दिसतात तोवर उशीर झालेला असतो. पानगळ झाल्यावर आणि पुन्हा डोळे फुगण्याआधी फवारलं तरच उपयोग. आजींनी गॅरेजमधून जुनी बादली आणून दाखवली, तिच्या कडांना निळा थर बसला होता. मी तो रंग ओळखला. मोरचूद आणि चुना! आमच्या बागेत द्राक्षाच्या डाऊनी रोगावर मारतात तेच बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या द्राक्षमळ्यांत रस्त्याकडेच्या वेलींवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून, हे निळं पाणी शिंपडत. त्या वेलींना रोग कमी लागतो हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं आणि १८८५ साली त्याने ते औषध म्हणून जगापुढे मांडलं. निफाडची बाग पाहणाऱ्या आमच्या नानांचे पिंपाजवळ निळे झालेले हात माझ्या डोळ्यांसमोर आले. त्या दिवसापासून हे झाड मला परकं वाटलं नाही.

आजींना सांता क्लाराच्या या खोऱ्याचा इतिहास पाठ होता, पण त्या तो कामांच्या क्रमाने सांगत. छाटणी, फवारणी, विरळणी, तोड, वाळवण. साल विचारलं की त्या थांबून म्हणत, "विहिरीत पंप खाली उतरवला त्याच्या आदल्या वर्षी." पुढे मी ग्रंथालयात बसून त्यांची सालं लावत गेले.

१७७७ मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी सांता क्लाराचं मिशन वसवलं. ही भूमी मूळची ओलोनी लोकांची, आणि मिशनचे मळे राबले ते त्यांच्याच हातांनी. १७९२ च्या नोव्हेंबरात इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर तिथे आला. मिशनच्या बागेत पीच, जर्दाळू, सफरचंद, नासपती आणि अंजीर लावलेले त्याने नोंदवून ठेवले. म्हणजे या खोऱ्यातलं पीच अमेरिका या देशाच्या राज्यघटनेइतकंच जुनं.

पुढची गोष्ट जेम्स लिक या विक्षिप्त धनवानाची. पिठाची गिरणी आणि मोठी फळबाग त्याने ग्वादालूपे नदीकाठी उभी केली. देशोदेशींची झाडं मागवायचा त्याला नाद. चीनहून आलेल्या झाडांबरोबर त्याच्या बागेत एक बारीक खवल्यासारखी कीड उतरली, असं सांगतात. राखेचा थर बसावा तशी ती फांदीवर बसते आणि रस शोषून झाड वाळवते. १८८० साली कॉमस्टॉक या कीटकशास्त्रज्ञाने तिचं शास्त्रीय नावच 'अतिघातक' या अर्थाचं ठेवलं. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलचे सफरचंदवाले तिला आजही 'सॅन होजे स्केल' म्हणतात. आमच्या शेजारच्या या सॅन होजे गावाचं नाव हिमालयापर्यंत पोचलं ते आधी या किडीमुळे, संगणक फार नंतर आले. तिच्यावरचा उतारा मेंढपाळांकडे सापडला. खरजेसाठी मेंढ्यांना चुना-गंधकाच्या पाण्यात बुडवत, तेच पाणी १८८६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांनी झाडांवर मारून पाहिलं आणि कीड मेली. लिक मात्र १८७६ मध्येच गेला होता. हॅमिल्टन डोंगरावर त्याच्या पैशातून वेधशाळा झाली आणि तिथल्या मोठ्या दुर्बिणीखाली त्याला पुरलं आहे. आमच्या रस्त्याच्या टोकावरून हवा स्वच्छ असली की वेधशाळेचे पांढरे घुमट दिसतात. फवारणीच्या दिवशी माझी नजर तिकडे जातेच.

खरं सांगायचं तर हे खोरं मुख्यतः प्रून आणि जर्दाळूचं, पीचचा मान त्यांच्या मागचा. पण डब्यांच्या धंद्याला पीच हवं होतं. १८७१ मध्ये सॅन होजेत डॉक्टर जेम्स डॉसन यांनी घरामागच्या छपरीत फळं डब्यात भरायला सुरुवात केली. १९६० च्या दशकापर्यंत खोऱ्यात एकोणचाळीस कॅनऱ्या झाल्या आणि फळांच्या धंद्यात जगभरात या खोऱ्याला तोड उरली नाही. सनीवेलमध्ये 'लिबी'ची कॅनरी १९०७ पासून होती. ती गेली, पण पाण्याची उंच टाकी उभी आहे, फळांच्या डब्यासारखी रंगवलेली. नवीन आलेली मुलं तिला जाहिरात समजतात.

आजी सोळाव्या वर्षापासून इथल्याच एका कॅनरीत हंगामाला जात. पट्ट्यावरून पीच येई. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यातून गेल्याने साल सुटलेली असे, अर्धी फोड निवडायची, डाग काढायचा. डब्यासाठी चिकट्या आठळीचं पीच, कारण त्याचा गर शिजून फुटत नाही. खायला आणि वाळवायला सुट्या आठळीचं. कच्च्या मालाकडे काम लागलं तर लवेने मनगटं रात्रभर खाजायची. पट्ट्यावर पोर्तुगीज, इटालियन, मेक्सिकन बायका एकमेकींच्या भाषेत गाणी शिकल्या, हे सांगताना आजी हमखास उभ्या राहून हातांची ती चाल करून दाखवत.

आमचं झाड 'फे एल्बर्टा', असं आजी सांगत. सुट्या आठळीचं, पिवळ्या गराचं. मूळची एल्बर्टा जॉर्जिया राज्यातली. सॅम्युअल रंफ यांनी १८७० च्या दशकात 'चायनीज क्लिंग' या चिनी पीचच्या आठळीपासून ती वाढवली आणि बायकोचं नाव दिलं. चीनची आठळी, जॉर्जियाची बाग, आणि तिची कॅलिफोर्नियातली बहीण माझ्या परसात. पीच मुळात चीनचंच. यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात हजारो वर्षांपूर्वीच्या आठळ्या सापडल्या आहेत. रोमनांना ते इराणमार्गे मिळालं म्हणून त्यांनी इराणचं नाव दिलं, 'पर्सिका'. आपल्याकडची आठवण जास्त खरी. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संग पंजाबातल्या चीनभुक्ती नावाच्या मुलखात आला. कनिष्काच्या काळी ओलीस म्हणून ठेवलेल्या चिनी लोकांनी पीच आणि नासपती इथे आणल्या, म्हणून पीचला 'चीनानी' आणि नासपतीला 'चीनराजपुत्र' म्हणतात, असं त्याने लिहून ठेवलं. चीनानी! इतका नेमका शब्द आपल्या हातून निसटला आणि आपण 'पीच'वर भागवतो, याचं मला वाईट वाटतं.

त्याच पंजाबातली माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात मजूर म्हणून आली. १९१३ च्या कायद्याने नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशीयांना जमीन घेण्याची बंदी केली आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्व नाकारलं. १९४६ मध्ये कायदा बदलला तेव्हा वाट उघडली. आमच्याकडून अडीच-तीन तासांवरच्या युबा सिटीत शिखांच्या पीचबागा उभ्या राहिल्या. दिदारसिंग बैन्स तर पीचचे राजे म्हणून ओळखले गेले. पहिल्यांदा त्या बागांतून गाडी गेली तेव्हा मी रस्त्याकडेला थांबले आणि छाटणी पाहत राहिले. मधे पोकळी, काडी नवी. अगदी तश्शीच.

आमच्या खोऱ्यातल्या बागांना मात्र आधी पाण्याने पकडलं, मग घरांनी. सुरुवातीला बोअर मारली की पाणी आपोआप उसळायचं. पुढे पंप खोल गेले, जमिनीखालचं पाणी ओढलं गेलं आणि वरची जमीनच बसली. १९६० च्या दशकाअखेरीपर्यंत सॅन होजेचा मध्यभाग सुमारे १३ फूट खचला होता. निफाडकडच्या आटलेल्या विहिरी पाहिलेल्या मला हा आकडा वाचून रात्री झोप आली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने आले. १९५० मध्ये ९५ हजारांचं सॅन होजे वीस वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास गेलं. साखळदंडाने झाडं उपटायची, ढीग करून जाळायची. आजी म्हणत, त्या हिवाळ्यांत धुराला गोड वास यायचा.

आमचं घर १९५५ चं, तशाच एका बागेच्या जागेवरचं. बाग जाण्याआधी आजींच्या नवऱ्याने शेवटच्या झाडांवरून डोळे काढून परसातल्या खुंटावर भरले. पीच पंधरा-वीस वर्षांचं सोबती, त्यामुळे ते झाड म्हातारं झालं की त्यावरून दुसरं, दुसऱ्यावरून आमच्या घराच्या आधीच्या मालकांचं. बागाईत संपली, पण तिचं पंचांग कुंपणांच्या आत चालत राहिलं.

२००९ मध्ये नाना आले. झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, काडी वाकवून पाहिली. "पोरी, जुनं लाकूड ठेवू नको. आणि माल फार धरलायस, काढ." मे महिना होता, फळं सुपारीएवढी. आजीही तेच सांगून थकल्या होत्या, टीचभर अंतरावर एक ठेव. माझा हात चालत नव्हता. आदल्या ऑगस्टमध्ये याच लोभाने एक अख्खी फांदी खोडापासून चिरली होती. मग नाना एका बाजूने आणि आजी दुसऱ्या बाजूने, एकमेकांचा शब्द कळत नसताना, फळं तोडत गेले. संध्याकाळी झाडाखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडला होता. निफाडला येईल का हे, नानांनी विचारलं. आपल्याकडे पहाटे कडाका, पण दुपारी ऊन. याला गारठ्याचे शेकडो तास लागतात, मी म्हटलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता दोघंही नाहीत. झाडाच्या खोडाला दोन वर्षांपासून डिंक जास्त सुटतो, एक बाजू वाळली आहे. मी आठळीपासून खुंट वाढवला आणि गेल्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा स्वतः डोळा भरला. सालीला इंग्रजी 'टी'सारखी चीर दिली, देठासकट डोळा आत सरकवला, पट्टी बांधली. देठ काडीला घट्ट धरून वाळला तर डोळा मेला, बोट लावताच गळला तर जगला, असं आजींनी सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात सकाळी चपला न घालताच परसात गेले आणि बोट लावलं. देठ गळून हातात आला. खाली डोळा हिरवा होता.